रिकाम्या पोत्यावर मत नाही

गेल्या महिन्यात एका शाळेनं मला ‘विद्यार्थी संसदे’च्या उद्घाटनाला बोलावलं. व्यासपीठावर माझ्यासारखे बरेच म्हातारे मांडून ठेवले होते. पंतप्रधान झालेला मुलगा घामाघूम होऊन पाठ केलेलं भाषण म्हणत होता आणि पडद्याआडून त्याच्या बाई पुढचा शब्द सांगत होत्या. विरोधी पक्षनेत्याचं भाषणही बाईंनीच लिहिलेलं असल्यामुळे दोघांचं बऱ्यापैकी एकमत झालं. शेवटी एक ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ठराव कशाचा होता, असं मी शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं, पण टाळ्या त्यांनी वाजवल्या होत्या.

घरी येताना मला मन्मथअप्पा आठवले. पडद्याआडच्या बाईंच्या जागी मी त्यांना उभं करून पाहिलं. ते तिथं काही उभे राहीनात.

मन्मथअप्पा आमच्या शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर होते. दिवस निजामाचे. येडशी स्टेशनावर छोट्या गाडीतून उतरून बैलगाडीनं अर्धा दिवस आत गेलं की आमचं गाव येई. शाळेच्या पाटीवर जिल्ह्याचं नाव उर्दूत ‘उस्मानाबाद’ असं लिहिलं होतं आणि गावातलं झाडून सगळं माणूस ‘धाराशिव’ म्हणत असे. यावरून कधी भांडण झालं नाही, कारण पाटी वाचता येणारी मोठी माणसं गावात आम्ही तिघंच होतो : अप्पा, उर्दू शिकवणारे हमीद मौलवीसाहेब आणि गणिताचा मी.

अप्पा बुटके आणि रुंद होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात ओवा, सदऱ्याच्या आत गळ्यातलं लिंग. आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला पुढं झुकावं लागे. चार माणसांसमोर उभं राहून त्यांना बोलता येत नसे. दुसऱ्या वाक्यालाच ते अडखळत आणि खाली बसत. दुसऱ्यांनी बोलावं या त्यांच्या आग्रहाचा उगम थोडाफार इथं असावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे. ज्यांना उत्तम भाषण करता येतं अशा माणसांनी लोकांचं ऐकून घेतल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

सरकारी शाळेत मास्तरानं शेरवानी घालावी असा दंडक होता. आम्हा तिघांत मिळून शेरवानी एकच होती. एरवी ती पत्र्याच्या ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात निजलेली असे. साहेब तपासणीला आले की ज्याला आत बोलावणं येई त्यानं ती अंगात चढवायची, बाहेर येऊन दुसऱ्याला द्यायची. ती शिवलेली होती मौलवीसाहेबांच्या मापानं आणि मौलवीसाहेब होते उंच, शेलाटे. अप्पांच्या अंगावर तिची बटणं एकमेकांना भेटत नसत. मग ते हजेरीबुक दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहत. साहेबांच्या शेऱ्यात ‘सदर मुदर्रिस अत्यंत दक्ष आहेत’ असं येई.

त्यांची एक खोड मात्र फार त्रासदायक होती. कुणी काही विचारलं की ते म्हणत, “तुला काय वाटतं?” आणि थांबत. असं विचारणारे पुष्कळ असतात. पण ते विचारतात आणि लगेच स्वतःला काय वाटतं ते सांगू लागतात. अप्पा खरंच थांबत. ओवा चघळत, समोरच्याच्या तोंडाकडं पाहत, घाई नसल्यासारखे थांबत. एकदा गावच्या पाटलांनी मुलाला पुढं घालून आणलं. म्हणाले, “अप्पा, ह्याला शाळंत ठिवू का शेतावर घिऊ?” अप्पांनी मुलाला विचारलं, “तुला काय वाटतं रे?” मुलगा अंगठ्यानं जमीन उकरू लागला. अप्पा थांबले. अप्पा थांबले म्हणून पाटलांनाही थांबावं लागलं. बऱ्याच वेळानं मुलगा म्हणाला, “सकाळी शेतात जातो, दुपारी शाळंत येतो.” तसंच ठरलं. जाताना पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, ह्या मानसाफुडं गप बसनं लई अवघड हाय बगा.”

शनिवारी शेवटच्या तासाला अप्पांची बैठक असे. अंगणातल्या चिंचेखाली सगळी शाळा गोल बसायची. प्रत्येकाचं बसायला आणलेलं पोतं, अप्पांचंही. खुर्ची शाळेत एक होती, तिच्यावर पाण्याचं मडकं ठेवलेलं असे. बैठकीत कुणीही कुणाबद्दलही तक्रार करावी, काहीही सुचवावं, त्यावर बोलणं व्हावं आणि शेवटी मत पडावं. मत प्रत्येकाला एक. अप्पांनाही एकच. ते सगळ्यांत शेवटी टाकत, कारण त्यांचं आधी पडलं तर पोरं त्यांच्या हाताकडं बघून टाकतील.

पहिल्या मतदानाची हकीकत सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरवावी की नाही, असा प्रश्न होता. वर्गातल्या निम्म्यांना अजून लिहिता येत नव्हतं, म्हणून अप्पांनी युक्ती काढली. प्रत्येकाला एक फुटाणा आणि एक शेंगदाणा वाटला. होय म्हणणाऱ्यानं फुटाणा मडक्यात टाकायचा, नाही म्हणणाऱ्यानं शेंगदाणा. एकेक जण झाडामागं ठेवलेल्या मडक्यापाशी जाऊन आला. अप्पांनी मोठ्या गंभीरपणे मडकं उपडं केलं. आत एक फुटाणा होता. तो अप्पांचा होता. बाकीच्या मतदारांनी आपापली दोन्ही मतं खाल्ली होती.

मौलवीसाहेब लांब ओसरीवर बसून बोरू तासत होते. ते इतके हसले की बोरू मोडला.  पुढच्या शनिवारी अप्पांनी चिंचोके आणि खडे आणले. चिंचोका म्हणजे होय, खडा म्हणजे नाही. “न भाजलेला चिंचोका कुणी खात न्हाई,” एवढंच मला म्हणाले. पुढं काही वर्षांनी साऱ्या देशात मतदान सुरू झालं आणि मतं खाणं या गोष्टीला बरंच मोठं स्वरूप आलं. तेव्हा मला त्या मडक्याची आठवण होत असे.

मला सुरुवातीला हा सारा प्रकार वेळ घालवण्याचा वाटे. त्रैराशिक मागं पडत होतं आणि पोरं हुतूतूच्या नियमांवर तासभर वाद घालत होती. मौलवीसाहेबांचं मत तर याहून स्पष्ट होतं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, उच्चार स्वच्छ होते आणि हातातली छडी कायम ओली असे. ‘बच्चों की कचहरी’ असं ते बैठकीला म्हणत आणि तिकडं फिरकत नसत. त्यांच्या दोन शेळ्या मात्र शाळेच्या अंगणात मोकाट फिरत आणि बैठकीला न चुकता हजर असत.

त्या शेळ्यांवरूनच बैठकीचा मोठा नियम झाला. आमच्या शाळेची घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा होता. तो चिंचेला टांगलेला असे आणि लोखंडी हातोडीनं वाजवायचा. एके दिवशी हातोडी नाहीशी झाली. शनिवारी सदाशिव नावाचा एक तरतरीत मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “हातोडी भीम्यानं नेली.” भीमा हा गावाबाहेर पालात राहणाऱ्या पारध्याचा मुलगा. तो त्या आठवड्यात शाळेत आला नव्हता. दोन्ही गोष्टी सगळ्यांना पुरेशा वाटल्या. “त्याला काढून टाका,” अशी सूचना आली, माना हलल्या, पोरं खडे-चिंचोके हातात घेऊन उठूही लागली.

अप्पा म्हणाले, “भीमाचं पोतं कुठाय?”

पोतं कोपऱ्यात गुंडाळलेलं होतं. अप्पांनी ते आणून गोलाच्या मधोमध अंथरलं.

“हे रिकामं हाय,” अप्पा म्हणाले. “रिकाम्या पोत्यावर मत न्हाई.”

“पर अप्पा, तो येतच न्हाय की!” सदाशिव म्हणाला.

“मग आपण जाऊ.”

ते खरंच गेले. धोतर खोचून, ओढा ओलांडून पालावर गेले आणि भीमाला घेऊन आले. त्याला ताप आला होता. घोंगडी पांघरून तो पोत्यावर बसला. अप्पांनी त्याला विचारलं आणि आपल्या पद्धतीनं थांबले.

भीमा सदाशिवाकडं बघत म्हणाला, “म्या न्हाय नेली. ह्यानंच मौलवीसाबाच्या बकरीला फेकून हानली. बकरीला लागली न्हाय. हिरीत पडली.”

पोरं सदाशिवाकडं वळली. त्याचा चेहरा बघून विहिरीत उतरायची गरज नव्हती, तरी दोघे पोहणारे उतरले आणि हातोडी घेऊन आले. पुढची तक्रार सदाशिवावर होणार हे उघड होतं. पण अप्पा म्हणाले की आज ताप आलेलं पोर बसलंय, आता घरी चला. त्या दिवसापासून नियम पडला : ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं पोतं मध्ये अंथरायचं. तो येऊन बसेपर्यंत मत नाही.

पुढं मौलवीसाहेबांच्या छडीबद्दलही तक्रार आली. कुणाचं तरी पोतं अंथरलं गेलं. मौलवीसाहेब ओसरीवरून म्हणाले, “मैं नहीं बैठता. जाओ.” पोरांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा म्हणाले, “मग मत न्हाई.” छडी चालू राहिली. मला वाटलं, हा नियम पोरांपेक्षा छडीच्याच सोयीचा आहे. मी तसं म्हणालोही. अप्पा म्हणाले, “व्हय, हाय खरा. पण दुसरा कुठला नियम करावा, तुम्हाला काय वाटतं, नरहरराव?” आणि थांबले. मी गणिताच्या वह्या तपासायला घेतल्या.

मग हवा बदलली. बार्शीकडं, म्हणजे इंग्रजी मुलखात, झेंडे लागले, प्रभातफेऱ्या निघाल्या आणि इकडं आमच्या बाजूला कुठं चार माणसं एकत्र बसली तरी पाहणारा पाहून जाऊ लागला. अशा दिवसांत तपासणीचे साहेब अचानक आले. त्या दिवशी शेरवानी मौलवीसाहेबांच्या अंगावर होती. साहेबांनी वर्ग पाहिले, अंगण पाहिलं आणि झाडामागचं मडकं पाहिलं.

“ये क्या है?” त्यांनी विचारलं. मडक्यात हात घालून मूठभर चिंचोके काढले. “सुना है, यहाँ पंचायत होती है? राय ली जाती है?”

अप्पांना खोटं बोलता येत नसे. खोटं बोलणं हाही एक प्रकारचा भाषणाचाच गुण आहे. ते हजेरीबुक छातीशी धरून पुढं झाले, म्हणाले, “साहेब, ही आमची...” आणि अडखळले. पुढचा शब्द आला असता तर अप्पांची नोकरी गेली असती आणि कदाचित तेही गेले असते. तेवढ्यात मौलवीसाहेब कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, “कुछ नहीं साब, इमली के बीजां हैं. बच्चे खेलते.”

साहेबांनी चिंचोके मडक्यात टाकले आणि हात झटकले. काळी, कोरी, मापात बसलेली शेरवानी घातलेल्या माणसावर त्यांचा विश्वास बसला. मौलवीसाहेबांनी हे आम्हाला वाचवायला म्हटलं, की बैठकीबद्दलची त्यांची खरीच किंमत सांगितली, हे मला तेव्हा कळलं नाही. अप्पांनी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी मौलवीसाहेबांच्या शेळ्यांना स्वतः पाला काढून घातला, एवढं मी पाहिलं.

अठ्ठेचाळीस साली पोलीस कारवाई झाली आणि निजामाचं राज्य गेलं. त्या आठवड्यांत काही गावांत फक्त झेंडे बदलले आणि काही गावांत माणसं उरली नाहीत. आधी लोकांनी रझाकारांच्या हातून पुष्कळ सोसलं होतं. सदाशिवाच्या घराला तर त्यांनी आग लावली होती. त्याची वसुली बऱ्याचदा ज्यांनी काही केलं नव्हतं अशांकडून झाली. आमच्या गावात मौलवीसाहेबांचं घर लुटलं गेलं. शेळ्या कुणीतरी नेल्या. मौलवीसाहेब बायकोला घेऊन नाहीसे झाले.

पाटलांचा पुतण्या गोविंदराव त्याच सुमाराला गावात परतला. सरहद्दीवरच्या कॅम्पात आपण निजामाविरुद्ध लढत होतो असं तो सांगे. कॅम्पातले लोक तो कोठीघरात होता असं सांगत. त्याच्याकडं नवी खादीची टोपी होती आणि टोपीला शोभेल असा आवाज होता. शाळेच्या बैठकीची हकीकत त्याच्या कानावर गेली आणि त्याला लोकशाहीबद्दल एकदम प्रेम वाटू लागलं. शनिवारी तो चार-सहा मोठी माणसं घेऊन चिंचेखाली आला.

“पोरांनी ठराव करावा,” तो म्हणाला. “हमीद मौलवीला ह्या शाळंत आन् ह्या गावात पाय ठिवू देनार न्हाय. ठराव नव्या कलेक्टरसायबाकडं जाईल. लहान लेकरांनी आपल्या मतानं केलेला ठराव! पेपरात येईल, अप्पा, तुमचं नाव येईल!”

अप्पा उठले, आत गेले, मौलवीसाहेबांसाठी एक नवं कोरं पोतं घेऊन आले. त्यांचं स्वतःचं असं पोतं कधी नव्हतंच. ते त्यांनी मध्ये अंथरलं.

“हे काय?” गोविंदरावानं विचारलं.

पोरांतून कुणीतरी सांगितलं, “रिकाम्या पोत्यावर मत न्हाय. आमचा नेम हाय.”

“आरं, तो पळालाय! आता कुठला येतोय?”

“मग मत न्हाई,” अप्पा म्हणाले.

“किती दिवस?”

“येईपर्यंत.”

गोविंदरावाची टोपी जरा तिरपी झाली. “अप्पा, जमाना बदललाय. ते पोतं उचला. न्हायतर एक दिवस तुमचंच पोतं उचलावं लागंल.”

“उचला की,” अप्पा म्हणाले. “फक्त त्या दिवशी मला बोलवा.”

पुढच्या शनिवारी माणसं दुप्पट आली. पोतं तसंच रिकामं होतं. गावात अप्पांना रझाकारांचा हस्तक म्हणू लागले. त्यांच्या घरी दूध घालणाऱ्या बाईनं येणं बंद केलं. सदाशिव भर बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, “अप्पा, आमचं घर जाळलं तवा आमाला कुनी पोतं आंथरलं न्हाय.”   अप्पा म्हणाले, “न्हाई अंथरलं. खरंय.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी जुंपली. मला म्हणाले, “येता का?”

रामलिंगाच्या डोंगराकडं, झाडीच्या कडेला, अप्पांच्या साडूचं शेत होतं. तिथल्या गुरांच्या कोठ्यात मौलवीसाहेब लपले होते; अप्पांना ते ठाऊक होतं. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारा कडब्याच्या पेंढ्या रचत होता. तो वळला तेव्हा कळलं. धोतर, मुंडासं, दाढी भादरलेली आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. साडूनं सावधगिरी म्हणून लावायला सांगितले होते.

अप्पांनी पहिल्यांदा तेच पाहिलं. “पुसा ते,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदाच ऐकला. “ते तुमचं न्हाई. आन् आमचं अशा कामाला वापरायचं न्हाई.”

मौलवीसाहेबांनी बाहीनं कपाळ पुसलं आणि पेंढीवर बसले. अप्पांनी सगळं सांगितलं : गोविंदराव, ठराव, अंथरलेलं पोतं.

“मार डालेंगे, अप्पासाब.”

“कुणी हात लावणार न्हाई, असं मी सांगू शकत न्हाई,” अप्पा म्हणाले. “तुम्ही आलात तर मत पडंल, ते तुमच्या विरुद्धबी पडंल. न्हाई आलात तर पोतं तसंच राहील. मी असंपर्यंत ते कुणी उचलणार न्हाई. मग तुम्हाला असंच कपाळ रंगवून राहावं लागंल. तुम्हाला काय वाटतं?”

आणि ते थांबले. बैल रवंथ करत होते. आतून मौलवीसाहेबांच्या बायकोच्या खोकल्याचा आवाज आला. मी दुसरीकडं पाहू लागलो. मौलवीसाहेबांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा कोठ्याकडं, एकदा आपल्या धोतराकडं.

“आपकी ये आदत बहोत बुरी है,” शेवटी ते म्हणाले.

अप्पांनी गाडीतलं गाठोडं सोडलं. त्यात शाळेची शेरवानी होती, निंबाच्या वाळक्या पाल्यासकट.

त्या महिन्यात जिल्ह्यात ज्याच्याकडं म्हणून शेरवानी होती त्यानं ती पुरून टाकली होती. मौलवीसाहेब ती घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून, गाडीत पुढच्या बाजूला बसले. अप्पा त्यांच्या शेजारी. गाडी दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावातून गेली. माणसं ओट्यांवरून उठून उभी राहिली. काही शिव्या आल्या, मागून एक दगड आला तो चाकाला लागला. अप्पा बैलांशी बोलत होते. कानडीत, कारण बैल त्यांच्या साडूनं दिलेले होते आणि साडू मूळचा कानडी सीमेकडचा.

शनिवार नव्हता, तरी बैठक भरली. मौलवीसाहेब उभे राहिले, पोत्याकडं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा पोरांच्या मध्ये मांडी घालून बसले. गोविंदराव बोलायला पुढं झाला. बैठकीची व्यवस्था त्या आठवड्यात भीमाकडं होती. तो म्हणाला, “तुमचं पोतं न्हाय, काका. तुमी मागं उभं ऱ्हावा.” गोविंदराव मागं गेला, कारण हसणाऱ्यांत त्यानं आणलेली माणसंही होती.

एका पोरानं विचारलं, “मौलवीसाब, तुमी आमाला लई मारलं. का?”

मौलवीसाहेब विचार करून म्हणाले, “मुझे भी ऐसाच पढ़ाया था. दूसरा आता नहीं.”

मग सदाशिव उठला. “आमचं घर जाळलं त्यात तुमचा भाचा व्हता.”

“था.”

“तुमाला म्हाईत व्हतं?”

 मौलवीसाहेबांनी शेरवानीचं वरचं बटण सोडलं. “वर्दी पहनके घर आया था वो. मैंने देखा. बोला कुछ नहीं. मैं नहीं गया था, बेटा. मगर रोका भी नहीं. ये भी सच है.”

मला वाटलं, संपलं. एवढं खरं बोलून कुणी मत जिंकत नाही.

भीमानं मडकं झाडामागं नेलं. चिंचोका म्हणजे मौलवीसाहेबांनी राहावं, खडा म्हणजे जावं. एकेक जण उठला. अप्पा सगळ्यांत शेवटी गेले. मडकं उपडं केलं. चिंचोके जास्त निघाले. फार नाहीत, पण डोळ्याला दिसण्याइतके. सदाशिव तिथंच उभा होता. म्हणाला, “म्या खडा टाकला, अप्पा.”

“तुझा खडा बरोबर हाय,” अप्पा म्हणाले. “तो मोजलाय.”

लगेच दुसरी सूचना आली की छडी विहिरीत टाकावी. या वेळी पोतं रिकामं नव्हतं. मौलवीसाहेबांनी स्वतः उठून चिंचोका टाकला.

गोविंदराव जाताना म्हणाला की हा सगळा पोरखेळ आहे. दुपारपर्यंत ज्या ठरावाची कलेक्टर वाट पाहत होते तो संध्याकाळी पोरखेळ ठरला. पण इतक्या माणसांसमोर मौलवीसाहेब पोत्यावर बसून उठले होते. त्यानंतर त्यांच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

काही महिन्यांनी उर्दू बंद झालं, तशी त्यांना शिकवायला काही उरलं नाही. ते हैदराबादला नातेवाइकांकडं निघाले. पण ते दिवसाढवळ्या, निरोप घेऊन, येडशीच्या स्टेशनावरून, स्वतःच्या नावानं गेले. शेरवानी त्यांनी घडी घालून ट्रंकेत परत ठेवली होती. गाडी यायला वेळ होता, म्हणून मी विचारून घेतलं की तपासणीच्या दिवशी तुम्ही साहेबांना तसं का सांगितलं.

“क्या बोला था मैंने?”

“चिंचोके आहेत, मुलं खेळतात, असं.”

“तो सच बोला था,” मौलवीसाहेब म्हणाले. “थे नहीं क्या इमली के बीज?”

अप्पांचं पोतं त्यानंतर वर्षाच्या आत उचललं गेलं. वरच्या कचेरीतून हुकूम आला : शाळेत निजामी वातावरण जोपासल्याच्या तक्रारीवरून मन्मथअप्पांना हेडमास्तरपदावरून काढून सास्तूरच्या पलीकडं एका वस्तीशाळेत साधे मास्तर म्हणून पाठवण्यात येत आहे. ज्या माणसाला आधीच्या राज्यात मतदान घेतो म्हणून तुरुंग दिसला असता, त्याला नव्या राज्यात ही शाबासकी मिळाली. हुकूम मी वाचला आणि तक्रार कुणाची असेल यावर बोलू लागलो. अप्पांनी मला थांबवलं.

“तक्रार कुणीबी करावी,” ते म्हणाले. “पण मला बोलवायला पायजे होतं, नरहरराव.”

एवढीच त्यांची नाराजी. मग त्यांनी आपलं पोतं झटकलं, गुंडाळलं आणि काखेत मारलं. नवीन हेडमास्तर आले, त्यांनी खुर्चीवरचं पाण्याचं मडकं खाली उतरवलं आणि खुर्चीवर ते बसले.

मी अप्पांना शेवटचं पाहिलं ते नंतरच्या हिवाळ्यात. मला त्या भागात काही काम होतं; वाट वाकडी करून वस्तीवर गेलो. शाळा म्हणजे देवळाची ओवरी होती. मी कोपऱ्यावर पोचलो तेव्हा आत पोरं गोल बसलेली दिसली आणि मध्ये पोत्यावर अप्पा. त्यांनी मला पाहिलं, हात वर करून जरा थांबा अशी खूण केली. मी खांबाशी उभा राहिलो.

तक्रार त्यांच्याबद्दलच होती. एक नाकात चमकी घातलेली, दहा-अकरा वर्षांची मुलगी, अर्धी मराठी आणि अर्धी कानडी, बैठक चालवत होती. तिचं म्हणणं होतं की अप्पा प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. बुजरी पोरं उत्तर देईपर्यंत शाळा सुटते. धडा निम्माच राहतो. म्हणून अप्पांनी थांबायचं बंद करावं, की धडा निम्मा राहू द्यावा, यावर मत टाकायचं होतं.

“त्याआधी तुमी सांगा,” मुलगी म्हणाली. “अप्पा, तुमाला काय वाटतं?”

अप्पांनी ओवा चघळायचा थांबवला. बोलायला तोंड उघडलं, अडखळले, पुन्हा मिटलं. माझी गाडी सुटायची वेळ होत आली होती. गाडीवान लांबून हाका मारत होता. मी हळूच निघालो आणि ओढ्यापाशी गेल्यावर मागं वळून पाहिलं.

अप्पा अजून विचारच करत होते. आणि ती सगळी पोरं, एकमेकांना न ढोसता, त्यांच्या तोंडाकडं बघत, थांबली होती.